दुतोंड्या मारुतीची मोजपट्टी: गावाला काय आठवते आणि का

ऑगस्टमध्ये त्र्यंबकच्या डोंगरांवर दोन-तीन दिवस झड लागली आणि गंगापूर धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली, की नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला राहणाऱ्या नाशिककराचा घरी फोन येतो आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मारुती कुठपर्यंत बुडाला?" विसर्ग किती क्युसेकने चालू आहे हे पाटबंधारे खाते वेळोवेळी जाहीर करते आणि तो आकडा टीव्हीवरही येतो, पण तो ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले असे कोणी सांगितले, की घाटावरच्या टपऱ्या हलल्या असतील, सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवत असतील आणि पंचवटीतली माणसे पुलावर येऊन उभी राहिली असतील, हे सगळे न सांगता कळते. मारुतीच्याही पलीकडे गेलेल्या पुरासाठी सरकारवाड्याच्या पायऱ्या आहेत, आणि फारच मोठ्या पुराची गोष्ट निघाली तर नदीकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचे नाव घेतले जाते.

ही मोजपट्टी कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही आणि ती शाळेत कोणी शिकवत नाही, तरीही ती जुन्या नाशिकमधल्या आजोबांच्या आणि सिडकोत वाढलेल्या नातवाच्या डोक्यात एकसारखी आहे. अभ्यासक ज्याला 'सामूहिक स्मृती' म्हणतात ती समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही. पूर, दुष्काळ, लढा, साथ अशा आयुष्य उलटेपालटे करणाऱ्या घटना समाजाच्या आठवणीत जातात कशा, त्यातल्या थोड्याच का टिकतात, आणि 'आपण म्हणजे कोण' या प्रश्नाचे उत्तर त्यांतून कसे घडत जाते, हे या मारुतीपासून सुरुवात करून पाहता येईल.

आठवतो माणूस, पण एकट्याने नव्हे

समाजाला मेंदू नसतो आणि आठवण होते ती माणसालाच, मग 'गावाला आठवते' असे आपण कोणत्या अर्थाने म्हणतो? या प्रश्नाचा पहिला सविस्तर विचार मॉरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये मांडला. त्याचे म्हणणे असे, की आठवण ही खाजगी तिजोरीत ठेवलेली वस्तू आहे असे वाटत असले, तरी ती बाहेर काढण्यासाठी लागणारी चौकट माणसाला त्याच्या कुटुंबाकडून, धर्माकडून, त्याच्या थरातल्या माणसांकडून मिळते. कोणती गोष्ट सांगण्याजोगी, ती कुठून सुरू करायची, कोणाचे नाव घ्यायचे आणि कोणाचे गाळायचे, हे त्या चौकटीत आधीच ठरलेले असते. माणूस एखाद्या गटातून उठून गेला, की त्या गटाच्या आठवणीही त्याच्यापुरत्या फिक्या पडत जातात, कारण त्या उगाळायला सोबत कोणी उरत नाही. (या माणसाचा स्वतःचा शेवट १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत झाला आणि या विषयावरचे त्याचे अपुरे राहिलेले लेखन १९५० मध्ये, त्याच्या मागे, प्रसिद्ध झाले.)

माझ्यापुरते सांगायचे तर १९६९ च्या महापुरानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला, आणि तरीही तो पूर मला आठवतो. आजोळच्या वाड्यात, ओसरीवरच्या दाराच्या चौकटीशेजारी, गेरूने ओढलेली एक आडवी रेघ होती आणि तिच्या टोकाला फक्त '६९' एवढे लिहिलेले होते. दिवाळीआधी भिंतींना चुना लागायचा तेव्हा आजी रंगाऱ्यामागे उभी राहून बजावायची, की त्या रेघेला हात लावायचा नाही. त्यामुळे रेघेभोवतीची वीतभर पट्टी वर्षानुवर्षे पिवळट राहिली आणि बाकीची भिंत पांढरी होत गेली. पाहुणा नवा असला की त्याला रेघ दाखवली जाई आणि मग मामा सुरू करत: पाणी मागच्या परसातून आले, पुढून नाही, तांदळाचे पिंप तरंगत माजघरात गेले, गोठ्यातल्या गाई आधीच सोडून दिल्या होत्या, आणि पाणी उतरल्यावर गाळात एक पितळी तपेले सापडले, जे आपले नव्हते आणि जे मागायला पुढे कोणी आलेही नाही. ते तपेले मी स्वतः पाहिले आहे, त्यातले पाणी अंघोळीला घेतले आहे. पूर पाहिला नसला तरी 'आपल्याकडे पाणी आले तेव्हा' असे वाक्य मी शाळेत सहज बोलत असे, आणि त्यातला 'आपल्याकडे' हा शब्द खोटा आहे असे मला कधी वाटले नाही.

१९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा मोठा पूर आला तेव्हा मामेभावाने ऑइलपेंटने दुसरी रेघ ओढली. ती पहिल्या रेघेच्या थोडीच खाली आली. मामांना मात्र हे मान्य करणे जड गेले, कारण दरवर्षी गोष्ट सांगताना त्यांचा हात गेरूच्या रेघेपेक्षा थोडा वर, आणि पुढे पुढे बराच वर जात असे. 'रेघ ओढली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं,' असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

मामा खोटे बोलत नव्हते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये एका प्रयोगमालिकेचे निष्कर्ष मांडले, ज्यात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक अनोळखी लोककथा इंग्रज वाचकांना देऊन ती त्यांच्याकडून पुन्हापुन्हा वदवून घेतली होती. दर वेळी अनोळखी तपशील गळत गेले, त्यांच्या जागी ओळखीचे तपशील आले आणि गोष्ट सांगणाऱ्याच्या जगाला शोभेल अशी होत गेली. आठवण म्हणजे जपून ठेवलेला फोटो नव्हे, तर आपण ती दर वेळी नव्याने बांधतो, हा त्याचा निष्कर्ष आजही टिकून आहे. पुढे २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर हे अमेरिकी अवकाशयान आकाशात फुटले, तेव्हा उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या दिवशी सकाळीच विद्यार्थ्यांकडून 'ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली' हे लिहून घेतले, आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी तेच पुन्हा विचारले. पुष्कळांची नवी उत्तरे जुन्या कागदाशी जुळत नव्हती आणि तरीही आपली आठवण अचूक आहे याची त्यांना खात्री होती. धक्का मोठा असला म्हणजे आठवण जास्त नेमकी होते असे नाही. तिच्याविषयीची खात्री मात्र जास्त होते.

एकेका माणसाची आठवण अशी सरकत राहते, म्हणूनच गावे खुणा करून ठेवतात. मारुतीची कंबर सांगणाऱ्याच्या सोयीने वर-खाली होत नाही.

दुष्काळ बहात्तरचाच का?

घटना जितकी मोठी तितकी ती खोलवर रुजते, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरी-पेठकडे पाऊस कोसळतो आणि पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगावकडे तो डोळे वटारून निघून जातो. त्या पूर्वेकडच्या कोणत्याही गावात पारावर जाऊन नुसते 'बहात्तर' म्हणा, शतक सांगावे लागत नाही. जन्मतारखा तेव्हा नीट नोंदल्या जात नसत, त्यामुळे 'बहात्तरला मी पाळण्यात होतो' किंवा 'बहात्तरला माझं लग्न ठरलं आणि मोडलं' असेच वयाचे हिशेब लागतात.

आता गंमत अशी, की १९७२ च्या दुष्काळात पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसे मेली नाहीत. सरकारने रस्ते, तळी, नालाबांध अशी कामे काढली, लाखो लोक त्या कामांवर गेले, आणि त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. उपासमारीच्या मृत्यूंच्या दृष्टीने पाहिले तर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ कितीतरी भयंकर होता, पण तो आज पुस्तकात आहे आणि बहात्तर बोलण्यात आहे. हा फरक नुसत्या काळाच्या अंतराने भरून निघत नाही. बहात्तरने रोजच्या जगण्याची घडी मोडली. ज्या घरची बाई कधी शेताच्या बांधावरही उघड्या डोक्याने गेली नव्हती, ती डोक्यावर पदर घट्ट ओढून, आपल्याच शेतात मजुरीला येणाऱ्या बाईशेजारी बसून खडी फोडू लागली. दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या सुखडी या खाऊच्या रांगेत पाटलाचे पोर आणि सालगड्याचे पोर मागेपुढे उभे राहिले. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव कोणालाच आवडत नव्हती आणि ती सगळ्यांनाच खावी लागत होती. लोक ती गोष्ट सांगताना भुकेबद्दल कमी आणि या रांगेबद्दल जास्त बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याला वयाचाही एक नियम जोडलेला आहे. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये असे सुचवले, की तरुणपणी एकाच उलथापालथीतून गेलेली माणसे जन्मवर्षामुळे नव्हे, तर त्या अनुभवामुळे एक 'पिढी' होतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत लोकांना गेल्या पन्नास वर्षांतली महत्त्वाची घटना विचारली, तेव्हा पुष्कळांनी आपल्या किशोरवयातली किंवा विशीतलीच घटना सांगितली. बहात्तरला वीस-पंचवीस वर्षांची असलेली माणसे आज पंचाहत्तरीत आहेत, आणि पारावर बोलण्याचा मान अजून त्यांचाच आहे.

एकच रथ, दोन आठवणी

आठवणीतून ओळख कशी तयार होते हा या विषयाचा गाभा आहे, आणि त्यासाठी नाशिकला काळाराम मंदिरापलीकडे जाण्याची गरज नाही. आधी एका शब्दाचा खुलासा करतो. मराठीत आपण अशा ठिकाणी 'अस्मिता' हा शब्द चटकन वापरतो, पण त्याला अभिमानाचा आणि अलीकडे दुखावले जाण्याचा वास चिकटला आहे. इथे मला साधी 'ओळख' अभिप्रेत आहे, म्हणजे 'आपण' असे म्हणताना माणूस मनात कोणाकोणाला धरतो, ते.

सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईत बांधलेल्या या काळ्या पाषाणाच्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना प्रवेश नव्हता. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांची मिरवणूक मंदिराकडे निघाली, दरवाजे बंद करण्यात आले, आणि दुसऱ्या दिवसापासून दरवाजांसमोर तुकड्यांनी बसून सत्याग्रह सुरू झाला. नाशिक जिल्ह्यातलेच दादासाहेब गायकवाड हे त्याचे इथले प्रमुख सूत्रधार होते. रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिलला, रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढण्याची तडजोड ठरली होती. ती मोडली, दगडफेक झाली, माणसे जखमी झाली. सत्याग्रह पुढची काही वर्षे चालला आणि त्याने मंदिराचे दार उघडले नाही. ते उघडले १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने.

हिशेबाच्या वहीत हा सत्याग्रह 'अयशस्वी' या रकान्यात जाईल. पण आंबेडकरांनी मार्च १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले, की आपल्या लोकांनी मूर्तीचे पूजक व्हावे म्हणून ही चळवळ काढलेली नव्हती; आपल्या स्थितीची जाणीव त्यांच्यात जागी करण्याचा तो सर्वांत चांगला मार्ग वाटला म्हणून काढली होती, आणि ते काम झाले आहे. म्हणजे घटना घडत असतानाच तिच्यातून काय घडवायचे आहे याचे भान तिच्या कर्त्याला होते. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

जेफ्री अलेक्झांडर हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ म्हणतो, की कोणतीही घटना आपोआप सामूहिक जखम होत नाही. नेमके काय झाले, कोणाला झाले, त्याची जबाबदारी कोणाची, आणि ज्यांना प्रत्यक्ष झाले नाही त्यांचा त्याच्याशी काय संबंध, या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी चिकाटीने, पुन्हापुन्हा सांगावी लागतात. हे सांगणाऱ्यांना तो 'वाहक गट' म्हणतो. आपल्याकडे हे काम शाहिरांनी केले, जलशांनी केले, वस्तीतल्या बुद्धविहारांनी आणि भीमगीते गाणाऱ्या बायकांनी केले. दरवाजासमोर जे बसले त्यांची नातवंडे-पणतवंडे आज '२ मार्चला आपण सत्याग्रह केला' असे म्हणतात, माझ्या 'आपल्याकडे पाणी आले' यासारखेच, पण कितीतरी जास्त वजनाने, कारण हा 'आपण' आधी अस्तित्वातच नव्हता. वेगवेगळ्या गावांतून आलेली, स्वतःची ओळख गावकीच्या कामावरून सांगणारी माणसे त्या दरवाजासमोर एक झाली. एरवी हरलेली लढाई विसरली जाते, ही मात्र आरंभबिंदू झाली. येवल्याच्या त्या जागेला आज लोक मुक्तिभूमी म्हणतात, आणि दर १३ ऑक्टोबरला तिथे गर्दी होते.

आता दुसरी बाजू. काळारामाच्या उत्सवातले रथ आजही चैत्रातल्या कामदा एकादशीला निघतात, रामरथ आणि गरुडरथ, आणि पंचवटीतल्या घराघरांत त्या दिवसाची आठवण म्हणजे दोर धरायला मिळालेली जागा, गुलाल आणि वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली गर्दी. यांतल्या पुष्कळांना १९३० च्या रथाविषयी घरात कोणी काही सांगितलेले नसते. ते लपवले गेले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या चौकटीत त्याला खुंटीच नव्हती. ज्यांच्या आजोबांनी दार लावून घेतले होते त्यांच्या घरात ती गोष्ट कोण आणि कशाला सांगणार? एकाच शहरात, एकाच रथाभोवती, दोन आठवणी अशा शेजारी शेजारी नांदतात, आणि बहुतेक दिवस एकमेकींना भेटतही नाहीत.

ओळखीचे हे घडणे जातीपुरते किंवा धर्मापुरतेच असते असेही नाही. १९८० च्या कांदा आंदोलनात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यातले रस्ते रोखले, तेव्हा मराठा, माळी, वंजारी अशी माणसे छातीवर एकच लाल बिल्ला लावून बसली आणि 'शेतकरी' हा व्यवसायाचा शब्द काही काळ तरी 'आपण' या अर्थाने वापरला गेला. काही काळ तरी, असे मी मुद्दाम म्हणतो. बिल्ला ज्यांनी जपून ठेवला आहे त्यांच्या मुलांना त्याचा अर्थ विचारून पाहावा.

पाटी आणि जीभ

आठवण वरून लादता येते का, याचे उत्तर नाशिकच्या एका मैदानावर आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर, विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा तो सूड होता. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. शहराच्या मध्यावरच्या मोठ्या मैदानाला 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' असे नाव आहे, पाटीवर आहे, पत्रिकांवर आहे, आणि रिक्षावाल्याला ते सांगितले तर तो क्षणभर थांबून 'म्हणजे गोल्फ क्लब ना?' असे विचारतो. नाव पाटीवर चढवायला ठराव पुरतो, पण जिभेवर चढायला त्या नावाने रोज काहीतरी करावे लागते. सकाळी चालायला येणारा माणूस गोल्फ क्लबवर येतो, कारण त्याचे वडीलही गोल्फ क्लबवरच यायचे.

गोष्ट टिकताना काय गळते तेही इथे दिसते. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता आणि त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणत. त्या रात्रीचा प्रयोग त्याच्या बदलीनिमित्तच्या निरोपाचा होता. हे तपशील सांगितले की गोष्ट अवघड होते, म्हणून ती सांगताना गाळले जातात.

नाव विसरून राहिलेले टाक

जिवंत बोलण्यातली आठवण साधारण ऐंशी ते शंभर वर्षे चालते, म्हणजे तीन-चार पिढ्या, असे यान आसमान आणि अलाइडा आसमान या जर्मन अभ्यासक दांपत्याचे प्रतिपादन आहे. त्यानंतर ती विधीत, वास्तूत, ग्रंथात गेली तर उरते, नाही तर मावळते. मौखिक इतिहासाचा अभ्यासक यान वान्सिना याने यातली एक पोकळी दाखवली आहे: लोकांना अगदी अलीकडचे पुष्कळ आठवते, अगदी मूळपुरुषाच्या काळातलेही ठामपणे सांगता येते, आणि मधला काळ रिकामा असतो.

ही पोकळी पाहायची असेल तर धुळवडीला संध्याकाळी गोदाघाटावर यावे. जुन्या नाशिकमधल्या कितीतरी घरांत देवघरात 'वीराचा' टाक असतो, घराण्यात कधीतरी अकाली किंवा लढाईत गेलेल्या पुरुषाचा. तो टाक त्या दिवशी हातात धरून, वाजतगाजत, गंगेवर स्नानाला नेतात, आणि लहान मुलांना देवांचे वेष देऊन सोबत काढतात. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) मी एकदा शेजारच्या काकांना विचारले, की हे वीर कोण, कोणत्या लढाईतले? त्यांनी टाक अंगठ्याने पुसला, त्यावरचा घोडेस्वार आता इतका झिजला आहे की घोडा कुठे संपतो आणि स्वार कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि म्हणाले, "आमचे आहेत, एवढं माहीत आहे." लढाई गेली, नाव गेले, आणि नाते तेवढे शिल्लक राहिले. इतिहासाच्या दृष्टीने यात काहीच उरलेले नाही, पण ओळखीच्या दृष्टीने पाहिले तर त्या घराला याहून जास्त लागतही नाही.

जी साथ कोणी सांगितली नाही

विसरण्याचेही नियम असतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्यातली बहुतेक काही महिन्यांतच. जुनी माणसे तिला 'मानमोडी' म्हणत; हा शब्द आज किती वाचकांनी ऐकला असेल याची मला शंका आहे. त्याआधीचा प्लेग मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याला गोष्ट आहे: पुण्यातला रँड, घरात शिरणारे सोजीर, २२ जून १८९७ ची रात्र, चापेकर बंधू. प्लेगच्या गोष्टीत दोष द्यायला माणूस होता आणि सूड घ्यायलाही माणूस होता. मानमोडीच्या गोष्टीत नुसता ताप होता, आणि तो प्रत्येकाच्या घरात वेगवेगळा आला.

कोविडचे काय होईल, हा प्रश्न मला त्यामुळे छळतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमधल्या एका सार्वजनिक रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या एका दिवशी बावीस रुग्ण दगावले. त्या आठवड्यात शहरात दुसरे बोलणे नव्हते. आज रस्त्यावर दहा जणांना तारीख विचारली, तर सांगणारे फार निघणार नाहीत असा माझा अंदाज आहे. पुरात माणसे एकत्र गच्चीवर चढतात, दुष्काळात एका रांगेत उभी राहतात, सत्याग्रहात खांद्याला खांदा लावून बसतात. या साथीत मात्र एकत्र येणे हाच धोका होता. खांदा द्यायला चार माणसे नव्हती, दहाव्याला कोणी आले नाही, आणि ज्या घरात गेले त्या घराने ते दार लावून एकट्याने सोसले. आठवणीची चौकट ज्या भेटीगाठींतून तयार होते, त्यांनाच बंदी होती.

२०२१ च्या दिवाळीनंतर रामकुंडावर मी एका नातेवाइकाच्या अस्थी घेऊन गेलो होतो. शेजारच्या पाटावर जळगावकडचे एक कुटुंब बसले होते. एप्रिलमध्ये येता आले नाही म्हणून आता आलेले. इथले तीर्थोपाध्ये घराण्यांच्या नामावळी ठेवतात, लांबट, लाल कापडात बांधलेल्या वह्या, ज्यांत पूर्वी कोण कधी आले, त्यांच्यामागे कोण, हे सगळे असते. गुरुजींनी त्या घराण्याचे पान काढले, पणजोबांचे नाव वाचून दाखवले, मग खाली दोन नावे लिहिली, आईचे आणि धाकट्या मुलाचे, आणि नऊ दिवसांच्या अंतराच्या दोन तिथी. मोठी मुलगी म्हणाली, "गुरुजी, यांना बेड मिळाला नाही, तेही लिहा." गुरुजी थांबले. "ताई, यात तसा रकाना नसतो," ते म्हणाले, आणि रिवाजाप्रमाणे आलेल्या माणसाने स्वहस्ते नोंद करायची म्हणून त्यांनी वही तिच्याकडे वळवून पेन दिले. तिने आपले पूर्ण नाव लिहिले, गाव लिहिले, आणि त्याखाली, बारीक अक्षरात, एक ओळ लिहिली. गुरुजींनी ती वाचली, शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली आणि मग बांधली.